दहापर्यंत गप्प

आमच्या घराण्यात गप्प बसणं हा आजार समजला जातो. लग्नकार्यात मला मुद्दाम पंगतीच्या मध्यावर बसवतात, म्हणजे गोष्टी दोन्ही टोकांना पोचतात. अशा माणसाची मुलगी पाच वर्षांची झाली तरी बोलेना. "तू बोलू दिलंस तर ना!" बहीण म्हणायची आणि मी हसायचो. मग रिपोर्ट आला. एका गुणसूत्राचा बारीकसा तुकडाच नाही. इतकं दुर्मिळ, की डॉक्टरांनीही आमच्यासमोरच शोधून वाचलं.

इंदिरानगरच्या स्पीच थेरपिस्ट बाईंनी घरचा व्हिडिओ मागवला. त्यात दिसते मुलगी, ऐकू येतो फक्त मी. "भूक लागली? हो ना? डोसा? डोसाच!" बाई म्हणाल्या, तिला कळतं पुष्कळ, उत्तर जुळवायला वेळ लागतो. चित्रांची वही द्या, प्रश्न विचारा आणि मनात दहा मोजा. तोंड बंद. भुवयासुद्धा हलवायच्या नाहीत.

रविवारी मारतहळ्ळीच्या नेहमीच्या हॉटेलात गेलो. तिथे शिरलं की ती रडते. भुकेने, असं माझं निदान. म्हणून मी धावत जाऊन डोसा सांगतो, हा दोन वर्षांचा शिरस्ता. आज वही तिच्यापुढे धरली. "काय हवं?"

एक. दोन. तिचे डोळे भरले. माझा पाय हलायला लागला.

"एन बेकु?" काउंटरवरच्या अण्णांनीही कानडीत तेच विचारलं.

चार. मागच्या रांगेतून कुणीतरी घाई करायला लागलं, "स्वल्प बेगा, सार!"

"डो..."

"अरे, गप्प बस ना!" बायकोने माझा दंड धरला.

सहा. बोट डोशावर गेलं. मी विजयी मुद्रेने बायकोकडे पाहिलं. बोट पुढे सरकलं. इडली, पाणी. तिने पान उलटलं. नऊ. बोट थांबलं ते आमच्या घराच्या निळ्या दारावर. मग तिने दोन्ही हात कानांवर दाबून धरले. आत चटणीचा मिक्सर किंचाळत होता. तो रोजच किंचाळतो.

काही न घेता बाहेर पडलो. फुटपाथवर तिचं रडं थांबलं. रिक्षात मलाच चैन पडेना. किती डोसे भरवले असतील मी, ती तशी रडत असताना?

"आणखी काय काय चुकीचं ऐकलं असेल मी?" बायकोला विचारलं.

ती काही बोलेना. मी तीनपर्यंत मोजलं आणि पुन्हा विचारलं.