कोनाड्यातला गडवा

सुमनमावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी आसगावला आमच्या शेतातल्या बांधीत कापलेल्या धानाचे कडपे उचलत होते. फोन भंडाऱ्याहून, त्यांच्या शेजारच्या काकूंचा होता. "निशा, मावशी आज उठल्याच नाही वं..." एवढंच बोलून त्या रडायला लागल्या. मी हातात कडपा धरून तशीच उभी राहिले. त्या क्षणी मनात काय आलं ते सांगायला मला संकोच वाटतो. मनात आलं, कोनाड्यातली दिव्यांची माळ चालू असेल. मावशी ती रोज सकाळी उठल्यावर बंद करायच्या. आज ती कोण बंद करणार?

सुमनमावशी माझ्या नात्यातल्या नव्हत्या. मी त्यांच्या घरी भाड्याने राहते... राहत होते, असं लिहायला हवं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. भंडाऱ्याला खोली शोधत आले, तेव्हा पितळी भांड्यांच्या एका बंद दुकानामागचं हे घर कोणीतरी दाखवलं. दुकान मावशींच्या यजमानांचं. ते पुष्कळ वर्षांपूर्वी वारले. लोक जुनी भांडी मोडीत देऊन नवी न्यायचे आणि त्यावर नाव घालून घ्यायचे. यजमान दुकानाच्या पायरीशी बसून छोट्या छिन्नीने टिंबाटिंबाची अक्षरं ठोकत. मोडीत आलेल्या भांड्यांपैकी जे मनात भरेल ते मावशी घरात नेऊन ठेवत. मी राहायला गेले तेव्हा बैठकीच्या खोलीत पाण्याचे गुंड, घागरी, तांब्याचा बंब, समया, वाकड्या दांड्याचा कंदील असं सगळं इतक्या नेटकेपणाने मांडलेलं होतं, की पहिल्या दिवशी मी दारातच चपला हातात घेऊन उभी राहिले. आमच्या घरी भिंतीला सजावट म्हणून एक कॅलेंडर आणि एक खिळा असतो.

मावशींचा एक नियम होता. जुनी वस्तू एकटी ठेवायची नाही, तिच्याजवळ नवीन काहीतरी पाहिजे. गुंडातून मनीप्लांट बाहेर आलेलं, बंबाशेजारी फायबरचं हरीण, कंदिलात पिवळा बल्ब. "जुन्याजवळ नवं नसलं का जुनं रुसते वं," त्या म्हणायच्या. माझी माय एकदा मला भेटायला आली, तेव्हा सगळ्या घरावर नजर फिरवून म्हणाली, "बाप्पा! एवढे भांडे, अन् स्वयंपाक तर दोघींचाच!" मावशी पोट धरून हसल्या. "यायच्यात काही शिजवाचं नाही वो बाई. हे पाहुणे हायेत. यायले फक्त बसवाचं." जवळपास प्रत्येक भांड्यावर कोणाचं तरी नाव होतं. सकाळी फडकं फिरवताना मावशी ती नावं घेऊन बोलायच्या. "काय यशोदाबाई, झाली का झोप?" सुरुवातीला मला भीती वाटायची. घर हमरस्त्याला लागून. जड ट्रक गेला की सगळं पितळ एकदम बारीक आवाजात गुणगुणायचं. मी अंथरुणात उठून बसायचे, आणि पलीकडच्या खोलीतून मावशींचा आवाज यायचा, "झोप वं. ते आपसात बोलून राहिले."

सगळं घर असं मोकळं, नीट अंतर ठेवून मांडलेलं. फक्त देवघराशेजारचा कोनाडा तेवढा गच्च भरलेला. त्याच्या मध्यभागी एक लहानसा पितळी गडवा, म्हणजे छोटा तांब्या. त्याच्यावर "कु." एवढंच ठोकलेलं आणि पुढे नुसती जागा. भोवती स्वस्तातल्या नव्या वस्तूंची दाटी, वरून दिव्यांची माळ. मी मोबाइलवर घर सजवण्याचे व्हिडिओ पाहायचे. एकदा धीर करून म्हटलं, "मावशी, इथे फार गर्दी झाली. काही वस्तू डब्यात भरून ठेवू का?" त्या पहिल्यांदाच माझ्याशी जरा तुटकपणे बोलल्या. "बाकी घर तुले जसं वाटते तसं मांड. हा कोनाडा नाही." दर दिवाळीला कोनाड्यात एक नवीन वस्तू यायची, हे मी तीन वर्षं पाहिलं. मागच्या दिवाळीत त्या मला प्रदर्शनात घेऊन गेल्या. पुष्कळ दुकानं पाहिली, पुष्कळ वस्तू हातात घेऊन परत ठेवल्या. शेवटी त्यांनी घेतलं ते लाकडी नाक. चष्मा ठेवायला असतं ना, तसं, खाली मिशा असलेलं. घरी येऊन ते कोनाड्यात ठेवताना मला हसू आवरेना.

"मावशी, हे कायले घेतलं? तुम्ही तर चष्मा लावत नाही."

"मह्यासाठी थोडी हाये? तिले लागन आता."

"कोणाले?"

"गडवा धर इकडून. तिरपा होऊन राहिला तो."

मला वाटलं, कोणी भाची वगैरे असेल. नाक कोनाड्यात बसवून झाल्यावर त्या बराच वेळ गडव्याच्या काठावरून अंगठा फिरवत बसल्या. मग म्हणाल्या, "निशा, मी गेली का हे सगळं सामान कोणीही नेवो. पण हा गडवा मोडीत जाऊ देजो नको. भट्टीत गेलं का भांड्याच्या आधी नाव जाते." मी म्हटलं, "असं काय बोलता मावशी?" आणि खरं सांगायचं तर, त्यावर नाव कुठे आहे, हा प्रश्न तेव्हा मला पडलाच नाही. दुसऱ्या दिवशी मी धानकापणीला गावी निघाले. त्या दारापर्यंत आल्या. तीच शेवटची भेट.

तेरवीला मी गेले तेव्हा बैठकीच्या खोलीत पोती पडली होती. मावशींच्या नणंदेचा मुलगा, राजूदादा, नागपूरला असतो. आता घर त्याच्याकडे आलं. तो वाईट माणूस नाही. माझ्यासाठी त्याने वेगळं पान वाढायला लावलं, खोली महिनाअखेरपर्यंत राहू दे म्हणाला. मग भांडी पोत्यात भरता भरता म्हणाला, "निशा, तुले पाहिजे ते एखादं भांडं घेऊन जा. बाकी मोडीत देऊन टाकतो. फ्लॅटमध्ये कुठं ठेवू मी एवढं?" यशोदाबाईंचा गुंड पोत्यात गेला. बंब गेला. पितळावर पितळ आपटून जो आवाज येत होता तो मला ऐकवत नव्हता. मी भाडेकरू. मरणाच्या घरात तोंड उघडून काही मागायचं, हे आमच्याकडे कोणी शिकवलेलं नाही. दादाचा हात कोनाड्यात गेला. मी म्हटलं, "दादा, तो गडवा..."

"राजू, त्याले हात नको लावू."

हे मागून वच्छलाआत्या बोलल्या. मावशींची नणंद, राजूदादाची आई. त्या भिंत धरत धरत आल्या आणि कोनाड्यासमोर खाली बसल्या. दादाने गडवा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उभा धरला नाही. मांडीवर आडवा घेतला, तोंड कोपराकडे, बूड तळहातात, लहान मूल घेतात तसा. मग त्या बोलू लागल्या, दादाकडे न पाहता. मावशींना दिवाळीत मुलगी झाली होती. बापाने हौसेने बारशासाठी गडवा घेतला, त्यावर "कु." ठोकलं आणि थांबला. नाव आत्या ठेवते, आणि ते बारशाच्या दिवशी बाळाच्या कानातच पहिल्यांदा सांगतात. "भावजय रोज विचारे, वन्सं, सांगा ना काय ठेवलं. मी म्हटलं, आधी नाही सांगत. बारशालेच सांगीन." "बारशाच्या आधीच पोर गेली. मंग तिनं कधी विचारलं नाही, अन् मी कधी सांगितलं नाही... पूर्ण जनम गेला वं."

मी कोनाड्याकडे पाहिलं. खुळखुळा. प्लास्टिकची बाहुली. फुलपाखरांचा कंपासबॉक्स. पेनस्टँड. मोराचा आरसा. लाकडी नवरानवरी. बोटभर लांबीचा पाळणा. आणि सगळ्यात शेवटी, मिशा असलेलं ते नाक. मावशींनी तिला त्या कोनाड्यात चाळिशीपर्यंत वाढवलं होतं. मी तीन वर्षं रोज तिच्यासमोरून ये-जा केली आणि मला गर्दी दिसली.

आत्यांनी पदर पुढे ओढला, गडव्याच्या तोंडाशी तोंड नेलं आणि आत काहीतरी हळूच सांगितलं. एकच शब्द असावा. आम्हाला कोणालाच तो ऐकू आला नाही. राजूदादाच्या हातातून पोत्याची कड सुटली. त्याने विचारलं, "काय नाव होतं, आई?" आत्या म्हणाल्या, "जिचं होतं तिले सांगितलं." मग गडवा माझ्याकडे दिला. "तू ने पोरी. पालथा घालजो नको."

आता मी कॉलेजमागच्या दुसऱ्या खोलीत राहते. गडवा खिडकीत ठेवला आहे, सुलटा. जुनी वस्तू एकटी ठेवायची नाही, म्हणून दादाला विचारून आणलेलं ते लाकडी नाक शेजारी ठेवलं. मावशींचं घर बंद आहे. त्या रस्त्याने मला अजून जाववत नाही. इथूनही हमरस्ता दूर नाही. ट्रक गेला की गडवा एकटाच गुणगुणतो. पूर्वी किती भांडी त्याच्यासोबत बोलायची... आवाज आला की मावशी पलीकडून "झोप वं" म्हणतील म्हणून मी वाट पाहते. कान लावून ऐकावंसं फार वाटतं, पण लावत नाही. ते नाव माझ्यासाठी नव्हतं.

मागच्या आठवड्यात माय आली होती, नवे तांदूळ घेऊन. तिला यंदाच चष्मा लागला आहे. दुपारभर बसून तिने तांदळातले खडे वेचले. मग उठली, चष्मा काढला, आणि कोणी न सांगता तो त्या लाकडी नाकावर ठेवला, रोजची जागा असावी तसा. तेवढ्यात रस्त्यावरून एक ट्रक गेला. गडवा गुणगुणला. माय स्वयंपाकाच्या ओट्यापाशी पोचली होती. ती एकदम वळली आणि म्हणाली, "ओ?"

"काय झालं माय?"

"मले हाक मारली ना तू?"

"नाही."

ती थोडा वेळ खिडकीकडे पाहत राहिली. मग कामाला लागली. संध्याकाळच्या गाडीने गावी गेली आणि चष्मा इथेच विसरली. मी फोन करून म्हटलं, रविवारी आणून देते. माय म्हणाली, "राहू दे वं तिथंच. मी दुसरा घेईन."

चष्मा अजून तिथेच आहे.