हत्तीची मात चालायची नाही

बुद्धिबळात जिंकून रडवेला होणारा मुलगा आमच्या फणसवाडीत मी एकटाच असेन. याचे श्रेय परतमांडे काकांचे. त्यांचे खरे आडनाव निराळे. पण डाव संपला की तपकिरीची चिमूट ओढून ते "परत मांड" म्हणत, म्हणून वाडीतल्या पोरांनी हे नाव पाडले होते.

काका जुन्या मुंबईकर घराण्यातले. पेढीवरची कारकुनी सुटल्यापासून ते सकाळ-संध्याकाळ ओट्यावर पट पसरून बसत. माझे वडील छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवतात. मी लहान असताना त्यांनीच मला काकांपुढे नेऊन बसवले. "पोराला जरा डोकं येऊ दे," ते म्हणाले. काका म्हणाले, "आधी आहे का ते बघू."

कित्येक महिने त्यांनी मला नुसती प्यादी दिली. बाकीचे मोहरे त्यांच्या मांडीखाली.

"काका, वजीर कधी देणार?"

"प्यादं सांभाळता येईल तेव्हा. हे बघ, याच्या पाठीशी कोण आहे? कुणी नाही. मग एकट्याला पुढे धाडलंस कशाला?"

प्यादे मेले की ते असे हळहळत, जणू शेजारचे कुणी गेले. मला मात्र नुसता वैताग येई.

पुढे सगळे मोहरे मिळाले. एके दिवशी मी हत्तीने शह दिला आणि काकांच्या राजाला हलायला घर उरले नाही. "मात!" मी ओरडलोच. काकांनी पट बराच वेळ न्याहाळला.

"हत्तीनं?"

"हो."

"हत्तीनं कुणीही चिरडील रे. त्यात तुझं काय? प्याद्यानं कर. परत मांड."

जुन्या खेळाडूंत प्याद्याची मात सर्वांत मानाची, हे खरे; पण साधी मात कुणी नाकारीत नसे. काका नाकारीत. "उद्यापासून जाणार नाही," असे मी आईला किती वेळा सांगितले असेल! आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ओट्यावर हजर. का, ते मला अजून नीट सांगता येत नाही. त्यांच्या तोंडून एकदा 'शाबास' ऐकायचे होते, एवढेच असेल.

मी कॉलेजात गेलो आणि गिरगावात गाठीच्या प्लेगची साथ आली. काकांच्या मुलाने सगळ्यांना अलिबागेस न्यायचे ठरवले. निघायच्या सकाळीही आम्ही खेळत होतो. माझे प्यादे त्यांच्या राजाजवळ पोचले होते. आणखी दोन चाली, की झाले! तेवढ्यात गाडी आली. काकांनी मोहऱ्यांसकट पट गुंडाळला.

"काका, माझी मात होत होती!"

"होत होती, म्हणजे झाली नाही. आल्यावर परत मांडू."

ते आले नाहीत. महिन्याभराने त्यांच्या मुलाचे कार्ड आले, काका गेल्याचे.

कॉलेजात साहेबी, म्हणजे इंग्रजी नियमांचा डाव चालतो. तिथे प्यादे पहिल्या चालीला दोन घरे जाते, हे मला तिथेच कळले आणि पोरे हसली. परवा आमच्यापैकी डाव जिंकेल त्या एकाला वरच्या वर्गाच्या बुद्धिबळ मंडळात घ्यायचे होते. त्या मंडळात बसणाऱ्यांचे वडील वकील, डॉक्टर. खिळे जुळवणाऱ्याच्या मुलाला तिथे शिरायला हीच एक वाट, म्हणून मी जीव ओतून खेळलो. शेवटी समोरच्या गोविंदाचा राजा कोपऱ्यात सापडला. हत्ती एका रेषेत सरकवला की मात. माझा हात हत्तीकडे गेला, वाटेतच थांबला, आणि मी शेजारचे प्यादे एक घर पुढे सरकवले.

गोविंदाने वजीर आणून शह दिला. मग दुसरा. तिसऱ्याला माझाच राजा अडकला.

"अरे, हत्ती दिसला नाही तुला?" गोविंदाने कळवळून विचारले.

"दिसला होता," मी म्हणालो.

काकांचा मला इतका राग आला, की डोळे भरून आले. गोविंदा उठायला लागला. मी त्याचा हात धरला आणि म्हटले, "बस रे. परत मांड."