आबांचा आकडा

मेंढरं उन्हाला कंटाळून एकमेकांच्या पोटाखाली माना घालून उभी आहेत. मी झाडाखाली घोंगडं टाकून आडवा होतो. काठी उशाला. माझी बायको ठकू तवा घासता घासता म्हणते, "कालव्यावरच्या बाभळीला शेंगा हायत्या वर. कोकरास्नी पाडून आणती." मी डोळे मिटूनच "बरं" म्हणतो. तव्याचा आवाज लांब लांब जातो, आणि आबा येऊन बसतात.

आबा म्हणजे माझे वडील. त्यांना जाऊन दीड वर्ष झालं. हे मला झोपेतही माहीत आहे, म्हणून मी आधी त्यांचे पाय बघतो. सरळ आहेत. बरं वाटतं.

"काठी दाव," ते म्हणतात.

दाखवायची मला लाज वाटते. मेंढक्याचं हत्यार ते काय, एक काठी आणि फांदी ओढायला तिच्या टोकाला लोखंडी आकडा. पण औंदा हाताला येणारा सगळा पाला मेंढरांनी संपवला. म्हणून मी काठीला अॅल्युमिनियमचा पाइप जोडून ती दुप्पट केली आणि पाइपाच्या टोकाला आबांचाच आकडा बांधला. आमच्या धनगरवाड्यात गेलेल्या माणसाचा आकडा बिरोबापुढे पुरतात. मी पुरला नाही. एवढं चांगलं लोखंड मातीत घालायचं जिवावर आलं, खोटं कशाला बोलू?

आबा काठी वितीनं मोजायला लागतात. एक वीत, दुसरी वीत. आता आम्ही झाडाखाली नाही, कालव्याच्या कडेनं चाललोय, आणि काठी संपतच नाही. मेंढरं मागं येतायत, पण एकाच्याही गळ्यातली घंटी वाजत नाही. वरून कसलीशी गुणगुण येतेय.

"आकडा कुठं टाकलास?" आबा विचारतात.

मला हसू येतं. तारेवर आकडा टाकतात गावातले लोक, फुकटच्या लाइटीसाठी. "आबा, आपल्या पालात लाइट कसली? आपुन कशाला आकडा टाकू?"

आबा हसत नाहीत. "कुठं टाकलास?" पुन्हा तेच.

कालवा आमच्या चुलीजवळून वाहतोय. ठकू पाठमोरी उभी आहे. वारा नाही, तरी तिचे केस ताठ वर गेलेत. मी हाक मारतो, ती वळत नाही. पुन्हा मारतो. तरी नाही.

"वर बग की, येड्या!" आबा म्हणतात.

वर विजेच्या तीन तारा. मधली लोंबतेय, पार बाभळीच्या शेंड्यापर्यंत.

आता कळतं. पाइप त्या तारेला लागला, की वीज थेट धरणाऱ्याच्या हातात. आबा पाइपाच्या टोकाचा आकडा बोर तोडावं तसा सहज काढतात. वाकून माझ्या घोट्यात अडकवतात, पळपुटं मेंढरू धरतात तसा, आणि ओढतात.

"ऊठ. ठकी निगाली तिकडं."

मी उठतो. तवा अर्धाच घासलेला. उशाला काठी नाही.

मी पळत सुटतो. पायाला काहीतरी टोचतंय, पण बघायला सवड नाही. कालव्यावरची बाभूळ दिसते, वर तारा, खाली ठकू.

"ठके! टाक ती काठी! टाक खाली!"

ती वळते. काठी अजून तिच्या हातात आडवीच आहे.

"अवं, वरडताय कशाला? म्या कवाची बगतीय, ह्याला आकडाच न्हाय. कुठं पाडलासा?"

मी पाइपाचं टोक हातात घेतो. सुतळीचे वेढे जसेच्या तसे. गाठ मीच मारलेली, तीही घट्ट. ठकू माझ्या पायाकडे बघते आणि हसायला लागते. काय हा खुळेपणा, म्हणते.

मला हसू येत नाही. आकडा माझ्या घोट्यात आहे.