कॅमेऱ्याला दिसलेली दुसरी व्यक्ती

बंगालात, बेहाल्यात आमची एक खोली आणि तिच्याखाली गलाईची भट्टी. सांगलीकडची माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर पांगली, त्यातलेच माझे बाबा. पण भट्टी दुसऱ्याची, बाबा नोकर. ॲसिडचा धूर जिन्याने वर यायचा. आमच्या चपातीलासुद्धा त्याचा वास. बाबांच्या छातीत कायम घरघर. डॉक्टरांनी भट्टी सोडायला सांगितली तेव्हा बाबा म्हणाले, "सोडतो. पोरगी नोकरीला लागली की लगेच." म्हणजे त्यांचा श्वास माझ्या नोकरीला टांगलेला.

आमच्या अख्ख्या भावकीत पदवी घेतलेली मी पहिली. हे मी मान वर करून सांगते. कुणाला गर्व वाटला तर वाटो.

सेक्टर फाइव्ह या आयटी ऑफिसांच्या भागातल्या एका कंपनीला सॉफ्टवेअर लिहिणारी माणसं हवी होती. पण माणसं बघायची मात्र नव्हती. ते काम त्यांनी भलत्याच कंपनीच्या संकेतस्थळाला दिलेलं. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला निदान शेळ्या दिसतात तरी! परीक्षा घरूनच द्यायची, कॅमेरा चालू ठेवून. खोलीत दुसरं कुणी नको. हा नियम लिहिणाऱ्याच्या घरात माणसांपेक्षा खोल्या जास्त असणार. बाबा खाली भट्टीवर गेले, आईला मी जिन्यात बसवलं.

आमच्याकडे चांगल्या कामाला बाहेर पडताना हातावर दही देतात. आईचा घोळ आदल्या दिवसापासूनच सुरू होता.

"तू तर बाहेरच पडणार नाहीस. मग दही द्यायचं कधी?"

"देऊच नकोस, आई."

"असं कसं? पेपर सुरू व्हायच्या वक्ताला देते."

मी हसण्यावारी नेलं. पहिला प्रश्न उघडला, दोन ओळी लिहिल्या आणि दार करकरलं. आई ओणवी होऊन, जवळजवळ रांगत आली आणि माझ्या तळहातावर दही ठेवलं.

"चाट पटकन. मी वाकलेय, त्याला दिसत नाही."

त्याला दिसलं. पडदा लाल झाला: दुसरी व्यक्ती आढळली. परीक्षा बंद. मागोमाग मेल, की माझा प्रामाणिकपणा संशयास्पद आहे. जिला इंग्रजीतलं एक अक्षर येत नाही, त्या माझ्या आईने मला कोड सांगितला म्हणे!

तक्रार लिहिली. पाठवायचं बटण दाबून हात उचलते तोवर उत्तर हजर: आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे. वाचलं कुणी? कुणीच नाही. कंपनीला लिहिलं, तर म्हणे निर्णय संकेतस्थळाचा. आईने दह्याचं भांडं घासून पालथं घातलं. खालून बाबांचा खोकला ऐकू येत राहिला.

दुसऱ्या दिवशी मी सरळ ऑफिसात जाऊन बसले. हलणार नाही म्हटल्यावर टीमचा मॅनेजर खाली आला. चाळिशीचा बंगाली माणूस, गळ्यात ओळखपत्र.

"तुमचा स्कोअरच नाही. आम्ही ठरवायचं कसं?"

"समोर बसवून विचारा."

"प्रत्येकाला बसवत राहिलो तर आमची कामं कोण करणार?"

"त्यासाठीच तर माणूस शोधताय ना? दादा, तुम्ही स्वतः दिलीय ही परीक्षा?"

"मी? मी ती यायच्या आधीच लागलो."

रिसेप्शनवरची मुलगी खुदकन हसली. तोही ओशाळला. मग खुर्ची ओढून विचारलं, नक्की झालं काय? मी दह्याचं सांगितलं.

"हातावर? आमच्याकडे कपाळाला लावतात. म्हणजे माझ्या आईनेही मला बादच केलं असतं!"

तो मला वर घेऊन गेला. त्यांचाच एक कोड बिघडला होता. एकाच गिऱ्हाइकाला दोनदा बिल जायचं. लॅपटॉप माझ्यापुढे सरकवून तो शेजारी बसला. मी चुकले तिथे त्याने टोकलं, तो चुकला तिथे मी. आमचं भांडणही झालं. संध्याकाळी बिल एकदाच जायला लागलं. कुणाला काय येतं हे कळायला एवढं पुरतं. त्यासाठी लाल पडदा लागत नाही.

कंपनी त्या संकेतस्थळाला अजून पैसे मोजते. मोजू दे, हौसेला मोल नसतं. काही वर्षं झाली, आता एक टीम माझ्या हाताखाली आहे आणि तिच्यात येणाऱ्याला मी शेजारी बसवूनच घेते.

तेव्हा मला ती नोकरी लागली. पहिला पगार झाला आणि बाबांनी भट्टी सोडली.