बेटाची वाटणी

आमचं घर माकुणसारला आणि गवताचं बेट वैतरणा नदीत. तिथं राहत कुणीच नव्हतं. पाऊस सरला की होडीनं जायचं, गवत कापायचं, भारे बांधून आणायचे. वाटणी आजोबांनी लावून दिलेली. प्रवाह येतो त्या वरच्या टोकापासून मापाचा दोर टाकत यायचं, ठरलेले दोर भरले की खुंटा ठोकायचा. खुंट्याच्या वरचं थोरल्याचं, म्हणजे बाबांचं. खालचं धाकट्याचं, म्हणजे काकाचं.

पण दर वर्षी खुंटा काकाच्या गवतात थोडा आत जायचा.

"दोर तोच हाय, इंचभर चोरला नाय मी," बाबा म्हणायचे.

"मग माजं गवत गेलं कुटं?" काका विचारायचा.

एका वर्षी बेटावरच जुंपली, नि दोघांचं बोलणं तुटलं. घरं शेजारी-शेजारी, बरं का! मला पोहायला काकानं शिकवलेलं. माझं लग्न ठरलं तर काका म्हणे, भावाच्या मांडवात मी पाय ठेवणार नाय. मला रडू यायचं आणि संतापही यायचा. दोघेही एकाहून एक हट्टी, कपाळ माझं!

तेव्हा मी मुंबईत भूगोल शिकत होते. नदीतली बेटं कशी बदलतात ते उपग्रहाच्या चित्रांवरून बघायचं काम माझ्या वाट्याला आलं. मी मुद्दाम आमचंच बेट घेतलं. एक चित्र सत्तरच्या दशकातलं, सगळे ठिपकेच ठिपके, दुसरं अलीकडचं. भरतीच्या वेळी बेट उगाच बारीक दिसतं, म्हणून दोन्ही ओहोटीची निवडली. बेटाजवळचा रेल्वेचा पूल काही जागचा हलत नाही. जुन्या बेटाची आणि पुलाची रेघ पारदर्शक कागदावर काढली आणि पुलावर पूल बसवून ती नव्या चित्रावर ठेवली. अगं बाई! बेट जवळजवळ तेवढंच होतं, पण खाली सरकलं होतं. वरचं टोक नदीनं खाल्लं होतं आणि खालच्या टोकाला गाळ आणून टाकला होता. बाबा मोजायला सुरुवात करत ते टोकच मुळी खाली चाललं होतं.

सुट्टीत दोन्ही कागद बाबांपुढे ठेवले.

"हे लाल काय? आग लागली काय बेटाला?"

"उपग्रहाच्या या चित्रांत हिरवं गवत लालच दाखवतात, बाबा. आणि हा करडा पट्टा म्हणजे काकाकडची नवी जमीन. नुसता चिखल आहे, अजून गवत धरलं नाही. म्हणून काकाला स्वतःचं गेलेलं गवत तेवढंच दिसतं."

 बाबांनी सदरा चढवला, कागद उचलले आणि शेजारी निघाले. मी मागोमाग.

काकानं चित्र उलटं धरलं. मी सरळ करून दिलं, पुन्हा सगळं समजावलं. त्याचं बोट वरच्या टोकावरून हळूहळू खालपर्यंत आलं.

"म्हंजे तुजं सगलं वाहून माज्याकडंच येतंय?"

"हां," बाबा उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले.

"मग तू तेवढा भायेर कशाला उभा हायस? ये आत."