फुईची मोगरी

फुईचा हात आधी चालायचा, तोंड नंतर. फुई म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवरा तिला पट्ट्याने मारायचा. एक दिवस कपडे धुता धुता तिने हातातल्या मोगरीने त्याचा खांदा मोडला आणि ओल्या लुगड्यानिशी नंदुरबारजवळच्या आमच्या गावी निघून आली. सामान म्हणून सोबत काय, तर तीच कपडे धोपटायची मोगरी. पुढे ती मोगरी आमच्या घरात कायम दाराआड उभी असे.

माया करायची तीही हातानेच. मी दहावी पास झाले तेव्हा तिने पाठीत असा धपाटा घातला की तोंडातला पेढा अंगणात पडला. आता याला शाबासकी म्हणायचं की काय, मला आजवर कळलेलं नाही.

एका उन्हाळ्यात आमच्या शेताच्या लाइनीची तार तुटली. पंप बंद, मिरचीची रोपं करपायला लागली आणि वायरमनचं आपलं आज येतो, उद्या येतो. शेवटी एकदाचा आला, खांबावर चढला आणि फुईने खालची शिडीच काढून घेतली. मोगरी मांडीवर घेऊन बसली. म्हणाली, "लाइट येवालगून वरच ऱ्हाय. खाले उतरना तं तंगडं तोडसू." त्याने चिडून वरून पक्कड फेकली. ती फुईच्या कपाळावर बसली, भळाभळा रक्त आलं. पदराने दाबून धरलं तिने, पण जागची हलली नाही. पंप चालू झाला तेव्हा शिडी लावली, तो उतरल्यावर त्याच्या कानाखाली एक ठेवून दिली आणि मग घरी नेऊन चहा पाजला.

मला पुढे जर्मनीत शाश्वत ऊर्जा व्यवस्थापनाच्या मास्टर्सला प्रवेश मिळाला. हाच विषय का निवडला, असं अर्जात विचारलं होतं. मी पर्यावरणाबद्दल बरंच गोड गोड लिहिलं. खरं कारण त्या खांबाखाली रक्त पुसत बसलं होतं. फुईला मात्र तो विषय काही केल्या पटेना. "लाइट आठे जास, अन् तू शिकाले तठे जाशी?" असं म्हणाली, आणि तरीही माझ्या बाजूने उभी राहिली.

बाजूने उभं राहायला आमच्या घरात हिंमत लागायची. मोठ्या बाबांचा, म्हणजे माझ्या काकांचा, मुलगा दादा. प्रवेशाची बातमी सांगितली त्या दिवशी त्याने माझ्या तोंडात मारली. ओठ फाटला. लग्नाच्या वयाची पोर एकटी परदेशात जाते म्हणजे काय? फुईने पाण्याने भरलेली कळशी त्याला फेकून मारली. महिनाभर दोघं एकमेकांशी बोलले नाहीत, आणि मी जाणार की नाही यावर घरात रोज आरडाओरडा. शेवटी मोठे बाबा कसेबसे हो म्हणाले.

निघायच्या दिवशी फुईने माझी दृष्ट काढली. दारातल्या पोत्यातून मूठभर लाल मिरच्या घेतल्या, माझ्यावरून ओवाळल्या आणि चुलीत टाकल्या. मिरची जळून ठसका लागला तर ठीक. नाही लागला, तर नजर पक्की, आणि तीही जवळच्याच माणसाची, हा आमच्याकडचा हिशेब. मिरच्या जळून काळ्या झाल्या. कोणी खोकलं नाही.

"घरम्हाच शे कोनी तरी," फुई म्हणाली आणि दाराआडची मोगरी घेऊन सरळ बाहेर गेली. दादा मला विमानतळावर सोडायला म्हणून गाडी पुसत होता. काही विचारणं नाही, काही नाही. तिने त्याच्या उजव्या मनगटावर मोगरी घातली. हाड मोडल्याचा आवाज मी ओट्यावरून ऐकला. दुसरा घाव डोक्यावरच बसायचा, पण वडिलांनी तिला मागून धरलं. मोठे बाबा ओरडले, "पोर आते कोठे जाई नही. विषय संपना." सगळं तिथेच संपलं असं मला वाटलं.

तेवढ्यात आई पोतं बघून आली. म्हणाली, "फुई, ही भाजीला नुसता रंग यायला घालतात ती मिरची. हिला तिखटपणाच नाही, लेकरंसुद्धा खातात."

फुईचा चेहरा इतका उतरलेला मी कधीच पाहिला नव्हता. दोनच दिवसांपूर्वी विसरवाडीच्या हॉटेलात माझ्याबद्दल वेडंवाकडं बोलणाऱ्या एकाचे दात दादाने पाडले होते, हेही तेव्हाच माझ्या वडिलांच्या तोंडून बाहेर आलं. ती दादासमोर खाली बसली, मोगरी त्याच्या डाव्या हातात दिली आणि डोकं पुढे केलं. "मार. मन्ही चूक शे." दादाने मोगरी उचलली. त्याने ती अंगणात लांब फेकून दिली आणि म्हणाला, "ऱ्हाऊ दे फुई. उशीर व्हई ऱ्हायना." मनगटाला आईचं फडकं बांधून तो पुढे बसला, वडिलांनी गाडी चालवली. हाताला प्लास्टर मला सोडून आल्यावरच घातलं त्याने. विषय संपला म्हणणाऱ्या मोठ्या बाबांनीच माझी बॅग गाडीत ठेवली होती.

जर्मनीत आम्हाला विजेची मागणी आणि पुरवठा यांचा मेळ शिकवत. व्हिडिओ कॉलवर फुई एकच विचारायची, "तठे कोनले मारं का नही?" नाही म्हटलं की तिला खरोखर नवल वाटायचं. "मंग तठली लाइट ऱ्हास कशी?" याचं उत्तर मला कोणत्याच तासाला मिळालं नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात, माझा प्रबंध चालू असताना, ती झोपेतच गेली. मला येता आलं नाही. दादाने फोनवर सांगितलं, की मोगरी तिच्याबरोबरच चितेवर ठेवली. मी खोलीच्या भिंतीवर मूठ मारली. बोटं सुजली तेव्हा रडू आलं.

पदवी घेऊन मी नंदुरबार स्टेशनवर उतरले. घराच्या दारात दादा मिरच्या घेऊन उभा होता. उजवा हात त्याला अजून पुरता वळत नाही, म्हणून डाव्या हाताने ओवाळणार होता. ओवाळायच्या आधी त्याने मुठीतली एक मिरची काढली आणि कचकन चावली. तिखट होती. त्याच्या नाकातोंडातून पाणी आलं, आणि फुईचं नाव घेऊन तो दारातच रडायला लागला.