मी पाडलेला अमेरिकेचा अध्यक्ष

हसू नका हं, आधीच सांगून ठेवतो. अमेरिकेचा एक अध्यक्ष मी कोल्हापुरात बसून पाडलाय. तोही नुसत्या खडूनं!

देश स्वतंत्र होऊन वर्ष उलटलं होतं. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवायचो आणि पेठेतल्या वाचनालयाबाहेरच्या फळ्यावर रोज बातम्या लिहायचो. तिथली इंग्रजी साप्ताहिकं वाचणारा मी एकटाच. म्हणजे माझा अधिकार केवढा, बघा!

तेव्हा अमेरिकेत निवडणूक आली होती. तिथले झाडून सारे राजकीय पंडित सांगत होते, गादीवरचा अध्यक्ष पडणार, समोरचा येणार. ते जे छापायचे ते मी चहाच्या दुकानात सांगायचो. थोडी पदरची भर घालून.

सगळे माना डोलवायचे. अडले ते एकटे दत्तूआप्पा, आमचे दूधवाले. दारात म्हैस उभी करून धार काढता काढता विचारतात कसे, "मास्तर, गादीवरचा गडी करतोय काय सध्या?"

"आगगाडीनं गावोगाव हिंडतोय. डब्याच्या मागं उभा राहून शेतकऱ्यांशी बोलतोय बिचारा."

"आन् दुसरा?"

"तो कशाला हिंडतोय? तो जिंकल्यातच जमा आहे!"

"मग पयलाच येतोय की! दारात आल्याल्या माणसाला कोन इसरतंय व्हय?"

"आप्पा, तुम्ही धार काढा."

आता सांगा, एवढे विद्वान एका बाजूला आणि एक म्हैस दुसऱ्या बाजूला. मी कुणाचं ऐकायचं?

नेमकं मतदान आलं दिवाळीत. दुसऱ्या दिवशी भाऊबीज, बायकोला गगनबावड्याला तिच्या भावाकडं न्यायचं होतं. मग निकाल कोण लिहिणार? मी म्हटलं, त्यात काय! गाडी पकडण्याआधी फळा पुसला आणि टपोऱ्या अक्षरांत लिहिलं, "अमेरिकेत सत्तापालट! अध्यक्षांचा दारुण पराभव!"

वाचनालयाचे चिटणीस नाना म्हणाले, "अहो, पण मतमोजणी?"

"ती होईल सावकाश!" मी म्हटलं.

गगनबावड्यात ना रेडिओ, ना वर्तमानपत्र. दोन दिवस मेव्हण्याला अमेरिका समजावून सांगितली. तिसऱ्या दिवशी परतलो तर फळ्यापुढं ही गर्दी! मला वाटलं, सत्कार आहे. छाती काढून पुढं गेलो.

माझं अक्षर तसंच होतं. खाली नानांनी बारीक अक्षरांत लिहिलं होतं, "ही बातमी अमेरिकेला अद्याप कळलेली नाही."

गादीवरचा गडी घसघशीत मतांनी आला होता! दुसऱ्या दिवशी आप्पांनी म्हैस दारात आणली. नेहमीच्या मापावर जास्तीचं अर्धा शेर दूध ओतलं आणि म्हणाले, "घ्या मास्तर, डोस्क्याला बरं असतंय."

वाटलं, संपलं आपलं राजकारण. छे! काही वर्षांनी नगरपालिकेची निवडणूक लागली. एक उमेदवार पेढ्यांचा पुडा घेऊन घरी हजर.

"मास्तर, चौकात जरा बोला की ह्या निवडणुकीबद्दल."

"अहो, बोलायचं काय त्यात? तुम्हीच निवडून येणार!"

माणूस पांढराफटक! माझे पायच धरले त्यानं. "तसं म्हनू नका, मास्तर! पोराबाळांचा धनी हाय मी! समोरचा येनार म्हनून सांगा!"

सांगितलं. तो दणक्यात निवडून आला.

पुढच्या निवडणुकीला दोन्ही उमेदवार एकाच सकाळी दारात, दोघांच्या हातात पेढे. एकमेकांकडं बोट करून दोघांचं मागणं एकच.

"मास्तर, ह्याचं नाव घ्या!"